नोंदवहीतील नावांची गटवारी : सोयाबीनच्या नोंदी संगणकावर चढविताना

(सोयाबीन उत्पादक शेतकऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात कृषिविद्या विभागाच्या व्याख्यात्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी पुष्कळ जण आज शेतकरी गटाचे किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासद आहेत. सभासदांच्या शेताच्या नोंदी गोळा करून त्या संगणकावर चढविण्याचे काम अनेक गटांनी हाती घेतले आहे. वाण कोणते, पेरणी केव्हा झाली, जमीन कशी, रोग कोणता आला आणि एकरी उतारा किती पडला, अशी ही माहिती असते. या माहितीच्या ढिगातून कामाची गोष्ट शोधून काढणाऱ्या संगणकीय साधनांना डेटा मायनिंगची साधने म्हणतात. पुढील हंगामात कोणत्या शिवारात कोणते वाण घ्यावे, फवारणीचा खर्च कोठे वाचेल, हे त्यांनी सांगावे अशी आपली अपेक्षा असते. ही अपेक्षा रास्त आहे. मात्र बियाण्याची पिशवी आणि फवारणीची बाटली आपल्याच पैशाने यावयाची असल्याने, हा सल्ला कशावरून निघाला हे आपल्याला कळले पाहिजे.

नोंदपत्रकात दोन प्रकारचे रकाने असतात. एकरी उतारा, पावसाचे मिलिमीटर, बियाण्याचे किलो हे आकड्यांचे रकाने. वाण, जमीन, रोग, मागील पीक हे नावांचे रकाने. आकड्यांच्या रकान्यात संगणकाला फारशी अडचण येत नाही. सात क्विंटल हे सहापेक्षा जास्त आणि आठपेक्षा कमी, एवढे त्याला कळते. नावांच्या रकान्यात मात्र तो आंधळा असतो. "संगम", "फुले संगम" आणि "केडीएस ७२६" हे एकच वाण आहे हे आपल्याला ठाऊक आहे. संगणकाला ती तीन वेगळी वाणे दिसतात. "३३५", "जेएस ३३५" आणि मध्ये टिंबे देऊन लिहिलेले "जे. एस. ३३५" ही आणखी तीन. दोनशे शेतांच्या नोंदीत वाणाच्या रकान्यात चाळीस-पन्नास नावे सहज होतात आणि त्यांतील निम्मी तरी एकमेकांचीच सोंगे असतात.

म्हणून पहिले काम साफसफाईचे. एका वाणाचे एकच नाव ठरवावे आणि बाकीची नावे त्यात मिळवावीत. याला गटवारीसुद्धा म्हणता येणार नाही, हे केवळ निवडणे-पाखडणे आहे. तरी त्यात एक खडा हमखास सापडतो. वाणाच्या रकान्यात बरेच शेतकरी "घरचे" असे लिहितात. घरचे हे वाणाचे नाव नव्हे, ते बियाणे कोठून आले याचे उत्तर आहे. त्यासाठी वेगळा रकाना करावा आणि मूळ वाण विचारून घ्यावे. "घरचे" नावाचे वाण संगणकाच्या हाती लागले की तो त्याचाही सरासरी उतारा काढून देतो, आणि त्या आकड्याचा अर्थ काहीही होत नाही.

पाखडून झाल्यावरही पंधरा-वीस खरी नावे उरतात. यांतील काही वाणे शंभर शेतांवर असतात, काही दोन-तीन शेतांवर. आता खरा प्रश्न येतो : कोणती नावे एका गटात टाकावीत?

साधनावर सोडून दिले तर तो हे काम आकड्यांवरून करतो. त्याची रीत समजून घ्या. नावांच्या दोन-दोन जोड्या घेऊन त्यांच्या उताऱ्यात किंवा रोगाच्या प्रमाणात दखल घेण्याजोगा फरक आहे काय ते तो तपासतो. फरक नसेल तर ती दोन नावे एक करतो आणि पुन्हा तपासतो. जी. व्ही. कास यांनी १९८० साली मांडलेली चेड नावाची पद्धत अशीच चालते. न्यूझीलंडमधील वायकाटो विद्यापीठाचे वेका आणि स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना विद्यापीठाचे ऑरेंज ही दोन साधने विनामूल्य मिळतात. विरळ नावे एकत्र करण्याची किंवा आपल्या मर्जीने नावे जोडण्याची सोय या दोन्हींत आहे. तेव्हा साधनाची वानवा नाही. अडचण वेगळीच आहे.

चार नावांचे दोन गट पाडायचे तर ७ प्रकारे पाडता येतात. दहा नावांचे ५११ प्रकारे. वीस नावांचे ५,२४,२८७ प्रकारे. एवढ्या जोडण्यांतून निवड करायला मिळाली की कोणती ना कोणती जोडणी आपल्या दोनशे नोंदींवर झकास बसणारच. ती बसली म्हणून ती शेतातही खरी असे होत नाही. तीन शेतांवरचे एखादे वाण नेमके ठिबक असलेल्या, वेळेवर पेरणी करणाऱ्या शेतकऱ्यांकडे असले, तर संगणक ते वाण उत्तम गटात घालून मोकळा होतो. तेथे कष्ट शेतकऱ्याचे असतात आणि नाव वाणाचे होते.

याकरिता आकडा पाहण्यापूर्वी पिकाच्या गुणधर्मावरून गट पाडावेत असे माझे मत आहे. सोयाबीनमध्ये पक्वतेचा कालावधी हा चांगला आधार आहे. जेएस ९३०५ सुमारे ८५ ते ९० दिवसांत तयार होते. जेएस ३३५ आणि एमएयूएस ७१ साधारण ९५ दिवसांच्या आसपास येतात. केडीएस ७२६ ला १०० ते १०५ दिवस लागतात. लवकर, मध्यम आणि उशिरा असे तीन गट येथे आपोआप पडतात. दोनच शेतांवर पेरलेले नवे वाण आले तरी त्याचा कालावधी माहीत असल्यामुळे त्याची जागा ठरते, उताऱ्याची वाट पाहावी लागत नाही. शिवाय या गटवारीला शेतात कारण आहे. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली की फटका कोणत्या वाणाला फुलोऱ्यात बसतो आणि कोणत्याला शेंगा भरताना, हे कालावधीवरून आणि पेरणीच्या तारखेवरून ठरते.

पेरणीच्या तारखेचे तर गट आपल्या वाडवडिलांनीच पाडून ठेवले आहेत. मृगाची पेरणी, आर्द्राची पेरणी, पुनर्वसूची पेरणी असे आपण म्हणतो तेव्हा तेरा-चौदा दिवसांच्या तारखा एका नावाखाली येतात. हे गट क्रमाने लागतात हे मात्र विसरू नये. नोंदी थोड्या असतील तर आर्द्रा आणि पुनर्वसू एकत्र करावे. मृग आणि पुनर्वसू एकत्र करून आर्द्रा वेगळे ठेवण्याचा उद्योग संगणक करू शकतो, तो आपण करू देऊ नये. शेजारचे शेजारच्यालाच जोडावे.

जमिनीच्या रकान्याकडे येऊ. येथे काळी, भारी, काळी कसदार, मध्यम, हलकी, मुरमाड, बरड, गाळाची, पांढरी, चोपण अशी नावे सापडतात. खोलीप्रमाणे भारी, मध्यम आणि हलकी असे तीन गट करणे सोयीचे असते. मुरमाड आणि बरड हलकीत जातील. परंतु चोपण? काही ठिकाणी ती दिसायला काळीच असते, म्हणून नोंद करणारा मुलगा ती भारीत टाकून देतो. चोपण जमिनीत विनिमययुक्त सोडियमचे प्रमाण जास्त असते, सामू ८.५ च्या वर असतो, पाणी मुरत नाही. तिला निचरा आणि जिप्सम पाहिजे. अशी पाच-सहा शेते जरी भारी जमिनीच्या गटात शिरली तरी त्या गटाचा सरासरी उतारा खाली येतो आणि चांगल्या काळ्या रानाबद्दल चुकीचा निष्कर्ष निघतो. नोंदी पाचच असल्या तरी चोपण वेगळीच ठेवावी.

जमिनीचे गट सगळेच मोडून टाकले तर काय होते, ते एका उदाहरणावरून पाहा. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, लवकर येणाऱ्या वाणांची १०० शेते आहेत. त्यांपैकी ८० हलक्या जमिनीत असून तेथे एकरी ५ क्विंटल उतारा आहे, आणि २० भारी जमिनीत असून तेथे ८ क्विंटल आहे. उशिरा येणाऱ्या वाणांचीही १०० शेते आहेत. त्यांपैकी २० हलक्या जमिनीत, उतारा ४ क्विंटल. ८० भारी जमिनीत, उतारा ९ क्विंटल. जमिनीचा भेद न करता सरासरी काढली तर लवकर वाणांची येते ५.६ क्विंटल आणि उशिरा वाणांची ८ क्विंटल. गटाच्या बैठकीत कोणीही म्हणेल, सर्वांनी उशिराचेच वाण घ्या. आता हलक्या रानाचा शेतकरी तेवढा वेगळा काढा. त्याला लवकरच्या वाणाने ५ आणि उशिराच्या वाणाने ४ क्विंटल दिले आहेत. बैठकीचा सल्ला मानला तर एकरी एक क्विंटल त्याच्या पदरचे जाते. हिशोबात एकही आकडा खोटा नाही. जे गट वेगळे ठेवायचे ते एकत्र झाले, एवढेच घडले आहे. आणि ज्याचे जाते तो बहुधा कोरडवाहू, हलक्या रानाचाच माणूस असतो, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

आता रोगांच्या नावांकडे वळू. या बाबतीत सोयाबीनचेच एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मिखाल्स्की आणि चिलॉस्की या दोन संशोधकांनी १९८० साली सोयाबीनच्या १५ रोगांचे निदान संगणकाला शिकविण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येक रोगट झाडाची ३५ रकान्यांत नोंद होती, आणि हे रकाने रोगशास्त्राच्या जाणकारीने ठरविलेले होते. महिना एप्रिल ते ऑक्टोबरपैकी कोणता. पाऊस सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका की जास्त. नुकसान शेतात विखुरलेले, सखल भागात, उंचवट्यावर की संपूर्ण शेतात. याच शेतात मागील वर्षी सोयाबीन होते काय, दोन वर्षे होते काय, की कैक वर्षे. बीजप्रक्रियेला तीनच पर्याय : केलेली नाही, बुरशीनाशकाची, इतर. २९० नोंदींवरून संगणकाने नियम तयार केले आणि वेगळ्या ठेवलेल्या ३४० नोंदींवर ते तपासले. संगणकाच्या नियमांचे निदान ९७ टक्क्यांहून अधिक बरोबर आले. तज्ज्ञाने स्वतः लिहून दिलेल्या नियमांचे सुमारे ७२ टक्के.

हा निकाल ऐकून संगणक तज्ज्ञाला भारी पडला असे बरेच लोक म्हणतात. मला त्यात आणखी काही दिसते. पाऊस किती मिलिमीटर पडला असे न विचारता कमी, सरासरीइतका, जास्त असे तीन गट संगणकाला आयते मिळाले होते. "नुकसान सखल भागात" हा पर्याय पत्रकात ठेवायचे ज्याला सुचले, त्याला पाणी साचून होणाऱ्या कुजीची ओळख होती. म्हणजे अर्धे शिकविणे नोंदपत्रक आखतानाच झाले होते.

याच नोंदींची वाढविलेली फाइल आजही वेकाबरोबर सरावासाठी मिळते. तीत ६८३ नोंदी आणि १९ रोग किंवा विकृती आहेत. शेवटची चार नावे विरळ आहेत : शेंगा व खोडाचा करपा १५ नोंदी, सिस्ट सूत्रकृमी १४, टू-फोर-डी तणनाशकाची इजा १६ आणि इतर तणनाशकाची इजा ८. एवढ्या थोड्या नोंदींवर काय शिकायचे, म्हणून अनेकांनी ही चार नावे वगळूनच काम केले. आपल्याकडेही सर्रास सांगतात, विरळ नावे "इतर" मध्ये टाका. पण या चौघांकडे नीट पाहा. टू-फोर-डी हेही तणनाशकच. या दोन इजा एकत्र केल्या तर २४ नोंदी होतात आणि गटाला अर्थही राहतो, कारण दोन्हींवर उपाय एकच : शेजाऱ्याच्या फवारणीचे वारे, पंपाची धुलाई आणि मात्रा यांकडे लक्ष देणे. सूत्रकृमी मात्र त्यांच्याबरोबर कसा बसेल? त्याला पीक फेरपालट आणि प्रतिकारक वाण पाहिजे. दोघे विरळ आहेत एवढेच त्यांच्यातील साम्य. विरळपणा हा गट करण्याचा निकष धरला की "इतर" या टोपलीत बटाटे आणि खिळे एकत्र पडतात.

त्याच फाइलमध्ये आल्टरनेरियाचे ठिपके आणि फ्रॉग आय ठिपके या दोन रोगांत संगणकाची सर्वांत जास्त गल्लत होते. दोन्हींच्या ९१-९१ नोंदी असूनही होते. मग ते दोन्ही "पानावरील ठिपके" म्हणून एक करावेत काय? फवारणीचा निर्णय घेण्यापुरतेच काम असेल आणि दोघांना एकच बुरशीनाशक चालणार असेल तर खुशाल करावे. परंतु कोणते वाण कोणत्या रोगाला बळी पडते हे शोधायचे असेल तर करू नये, कारण फ्रॉग आयला प्रतिकारक वाण दुसऱ्या रोगाला प्रतिकारक असेलच असे नाही. एकाच रकान्याची गटवारी दोन प्रश्नांसाठी दोन तऱ्हेची होऊ शकते. म्हणून मूळ नावांचा रकाना कधीही पुसू नये. गटाचा रकाना शेजारी नवा करावा.

आपल्याकडील परिस्थिती याहून बिकट आहे, कारण आपल्या नोंदीत रोगाचे नावच गटाचे असते. "पिवळे पडले" ही नोंद मी शेकड्याने पाहतो. २०२३ च्या खरिपात ऑगस्ट कोरडा गेला, १९०१ पासूनच्या नोंदीत देशात इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही, आणि त्याच हंगामात विदर्भात सोयाबीनवर पिवळ्या मोझॅकचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्या वर्षीच्या नोंदीत "पिवळे पडले" या दोन शब्दांत किमान तीन गोष्टी दडलेल्या असू शकतात. पानावर हिरवे-पिवळे अनियमित चट्टे असतील तर तो पांढऱ्या माशीने पसरविलेला मोझॅक. रोगट झाडे उपटणे आणि माशीचा बंदोबस्त हा उपाय. शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता; चुनखडीच्या रानात ती हमखास दिसते, आणि तेथे हिराकसची अर्धा टक्का फवारणी लागते. झाड पिवळे पडून वाळले आणि मुळाची साल सहज निघून आत काळपट दिसले तर मूळकूज. हे तिन्ही एका नावाखाली गेले की संगणक सरासरी सल्ला देतो. मग चुनखडीच्या रानाचा शेतकरी पांढऱ्या माशीवर औषध मारतो, आणि पिवळेपणा तसाच राहतो.

"केवडा" या शब्दाची हीच गत आहे. द्राक्षात केवडा म्हणजे बुरशी, भेंडीत केवडा म्हणजे विषाणू, उसात काही भागांत लोहाच्या कमतरतेला केवडा म्हणतात. बोलताना पीक समोर असते म्हणून घोटाळा होत नाही. संगणकासमोर पीक नसते.

मागील पिकाच्या रकान्याबाबत थोडे सांगतो. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा ही पद्धत आपल्याकडे रुळली आहे. अशा शेतात मागील पीक विचारले की उत्तर येते हरभरा. कागदावर फेरपालट झाल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात खरिपात सोयाबीनवर सोयाबीन सहा-सहा वर्षे चालू असते. भरीस भर म्हणजे सोयाबीनच्या चारकोल रॉट मूळकुजीची बुरशी आणि हरभऱ्याच्या कोरड्या मूळकुजीची बुरशी एकच आहे. म्हणून इलिनॉयच्या पत्रकाप्रमाणे "या शेतात सलग किती खरीप सोयाबीन झाले" असे विचारावे आणि एक, दोन, तीन किंवा अधिक असे गट ठेवावेत.

रिकाम्या जागेचाही विचार करावा. बीजप्रक्रियेचा रकाना कोरा असेल तर त्याचा अर्थ "केली नाही" असा धरू नये. केली नाही, माहीत नाही आणि लागू नाही ही तीन वेगळी उत्तरे आहेत. इलिनॉयच्या फाइलमध्ये माहीत नसलेल्या जागी प्रश्नचिन्ह आहे, आणि ज्या झाडाच्या पानावर ठिपकेच नाहीत त्याच्या ठिपक्याची कड कशी, या रकान्यात "लागू नाही" असे स्वतंत्र उत्तर आहे. आपणही तीन खुणा ठरवून घ्याव्यात.

गट पाडून झाले म्हणजे ते तपासायचे कसे? सर्व नोंदी वापरून गट पाडले आणि त्याच नोंदींवर ते किती अचूक बसतात ते पाहिले, तर तो प्रश्नपत्रिका आधी वाचून दिलेल्या परीक्षेसारखा प्रकार होतो. काही नोंदी बाजूला ठेवाव्या लागतात. बरेच जण दर पाचवे शेत बाजूला काढतात. कोरडवाहू शेतीत तेवढे पुरत नाही, असे मला वाटते, कारण ती शेतेही त्याच पावसात भिजलेली असतात. एक संपूर्ण वर्ष बाजूला ठेवावे. २०२१ साली सप्टेंबरअखेर गुलाब चक्रीवादळाच्या पावसाने मराठवाड्यात उभे सोयाबीन पाण्याखाली गेले. २०२३ साली ऑगस्ट कोरडा गेला. २०२३ च्या नोंदींवरून पाडलेला वाणांचा गट २०२१ च्या नोंदींवरही टिकतो काय ते पाहावे. टिकला नाही तर तो गट त्या वर्षाच्या पावसाचा होता, वाणांचा नव्हता. तीन वर्षांच्या नोंदी जमेपर्यंत गटाने वाणाबाबत सरसकट शिफारस करण्याची घाई करू नये.

गटात हे काम कोणाकडे द्यावे असे नेहमी विचारले जाते. टंकलेखन संगणक येणाऱ्या मुला-मुलींकडे द्यावे. कोणते नाव कोणत्या गटात जाईल याची यादी मात्र दोन-तीन अनुभवी शेतकऱ्यांनी एकत्र बसून करावी. त्यांत एक तरी हलक्या रानाचा असावा. शंका आली तर कृषि विज्ञान केंद्रातील विषय विशेषज्ञांना दाखवावी. यादीच्या प्रत्येक ओळीसमोर त्या गटाचे कारण लिहावे, जसे "कालावधी सारखा" किंवा "उपाय एकच". ज्या ओळीसमोर "उतारा सारखा आला" एवढेच कारण लिहावे लागेल, तेथे पेन्सिलने खूण करून ठेवावी आणि पुढील वर्षीच्या नोंदी आल्यावर ती ओळ पुन्हा पाहावी.

चालू हंगामापुरते दोन बदल लगेच करता येतील. नोंदपत्रकात "वाण" आणि "बियाणे कोठून" असे दोन रकाने आखून घ्यावेत. आणि "पिवळे पडले" ऐवजी तीन चौकटी छापाव्यात : चट्टे, शिरा हिरव्या, मूळ काळे. चौकटीवर खूण करण्याआधी शेतात जाऊन एक झाड उपटून पाहावे लागेल, आणि ते काढणीपूर्वीच पाहावे लागेल.